भोंगा आणि चमचेवाली

मासळीबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणायचे. लिलाव पुकारायचं काम होतं त्याचं. पहाटे बोटी लागल्या, टोपल्या ओट्यावर आल्या, की तो उलट्या पेटीवर उभा राहायचा आणि असा काही आवाज लावायचा की बर्फाच्या कारखान्यातली माणसंसुद्धा भाव ऐकून घ्यायची. घरी आल्यावरही तो आवाज काही खाली यायचा नाही. साधं "पाणी दे" म्हणाला तरी खालच्या मजल्यावरची म्हातारी दचकायची. लग्नाचं विचारायला आला तेव्हा मुलीच्या वडिलांनी जरा विचार करून सांगतो म्हटलं, तर हा उभ्याउभ्या म्हणाला, "एकवार... दोनवार... तीनवार म्हणायच्या आत सांगा, माल दुसरीकडे जाणार नाही, पण माझा जीव जाईल." वडील हसले आणि तिथेच सगळं ठरलं.

ती स्वभावाने अगदी उलट. चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की ती कुणाच्या तरी मागे सरकायची. बाजाराच्या कोपऱ्यावर वडिलांची चहाची टपरी होती, तिथे ती कपबशा विसळायची आणि मान वर करायची नाही. लग्नानंतर तर बोलायची गरजच उरली नाही. बोलणारा घरात होता. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दल लोकांना काय सांगायचं तेही त्यानेच सांगितलं. एकदाच सांगितलं आणि असं मोठ्याने, की परत कुणी विचारलं नाही.

डब्यातल्या माशाचा त्याला भारी राग. दुकानात तो डब्यांच्या फळीपाशी थांबून नाक मुरडायचा. म्हणायचा, "मासा मेला की तो खायचा असतो. यांनी त्याला पुरलाय. वर थडग्यावर तारीखसुद्धा लिहिलीय बघ." त्याच्या घरात मासा यायचा तो त्याने स्वतः कल्ले उघडून, डोळे बघून, वास घेऊन आणलेला. नाक हेच त्याचं खरं हत्यार होतं. आवाज फक्त दुनियेसाठी.

घसा बसतोय, बसतोय म्हणता म्हणता वर्ष गेलं. लिलाववाल्याचा घसा बसायचाच, त्यात काय एवढं, असं तोच म्हणायचा. मग गाठ निघाली. आधी किरणांचं झालं, त्याने भागलं नाही, म्हणून स्वरयंत्र काढावं लागलं. शुद्धीवर आला तेव्हा गळ्याला पुढून भोक होतं, श्वास तिथून ये-जा करत होता. अन्ननलिका किरणांनी आवळून गेलेली, तिच्यातून पाण्याचा घोटही धड उतरेना. म्हणून पोटाला नळी बसवली. त्या नळीतून पावडर कालवलेलं पांढरं पाणी सोडायचं, तेच जेवण. बोलायला लहान मुलांची पाटी मिळाली, खालचा दांडा सरकवला की अक्षरं पुसली जातात तसली.

आता घर चालवायला तिला बाहेर पडावंच लागलं. मोठ्या दुकानात नोकरी मिळाली, पण कसली? तर माल खपवण्यासाठी चव देण्याची. दुकानाच्या मधोमध एक छोटा ओटा, त्यावर विजेची शेगडी, एक कढई, कागदी वाट्या आणि लाकडी चमचे. डब्यातला टूना मासा आणि पास्त्याचं पाकीट, दोन्ही एकाच कंपनीचं. तिने दिवसभर त्याचा सॉस करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चमचाभर चाखवायचा. आणि बोलायचं. सतत बोलायचं.

पहिल्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटेना. देखरेख करणारा साहेब, वयाने तिच्या भाच्याएवढा, म्हणाला, "मावशी, मुकेपणाने मासा खपत नाही." हा शब्द तिला असा लागला की ती मागच्या खोलीत जाऊन रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि डोळे मिटून तिने नवऱ्याला आठवलं. पेटीवर उभा. छाती पुढे. तिने तसा श्वास घेतला आणि ती म्हणाली, "या, या! पाहुणा दारात, आणि घरात काही नाही? घाबरू नका. दहा मिनिटं!"

दोन-तीन बायका थांबल्या.

"डबा उघडा, पण तेल सांडू नका हं, सगळी चव त्यातच आहे. तेच तेल कढईत. लसूण ठेचायचा नाही, पातळ काप करायचे आणि लाजून गुलाबी झाले की बस, काळे पडले तर सासूची आठवण येईल. मग लाल मिरचीचे तुकडे, मग टोमॅटो. आता टोमॅटोला त्याच्या कर्माने शिजू द्या. मासा सगळ्यात शेवटी, तो आधीच शिजलेला आहे बिचारा, त्याला परत कशाला छळायचं? पास्ता उकडलेलं पाणी फेकू नका, एक पळीभर यात घाला, सॉस कसा अंगाबरोबर बसतो बघा. वरून लिंबू. झालं!"

हे सगळं ती कुठून बोलली तिचं तिलाच कळलं नाही. पण डबे खपले. हळूहळू तिला त्यात गोडी वाटायला लागली. दुकानातली पोरं तिला चमचेवाली म्हणायला लागली. कॅशवरची मुलगी म्हणायची, "आम्ही सगळे साहेबांचे चमचे, पण चमचेवाली तुम्ही एकट्याच." तीही हसायची. आयुष्यात पहिल्यांदा लोक तिचं बोलणं ऐकायला थांबत होते.

घरी मात्र यातलं काही सांगायची सोय नव्हती. तिने त्याला सांगितलं होतं की दुकानात पिशव्या भरायचं काम मिळालंय. एक तर डब्यातला मासा. आणि दुसरं म्हणजे, ज्याच्या जिभेवर थेंब पडत नाही त्याच्यासमोर, मी दिवसभर लोकांना भरवते, हे कुठल्या तोंडाने सांगणार? लोक तरी कसे, पोट भरलेले, अर्धा चमचा चाटून उरलेलं टोपलीत टाकणारे.

म्हणून ती रोज सुटल्यावर दुकानाच्या मोरीत कोपरापर्यंत हात घासायची. लिंबाच्या साली बोटांवर चोळायची, केस ओल्या फडक्याने पुसायची, कपडे बदलायची, आणि आधीचे पिशवीत गाठ मारून ठेवायची. लसणाचा आणि माशाचा वास हट्टी, जाता जात नाही. थंडीत हात फुटले, रक्त यायचं, तरी तिने हे सोडलं नाही. घरात शिरताना ती आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. त्याच्या नाकाची कीर्ती बाजारभर होती. पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. पाटीवर रोजचंच लिहायचा, "दमलीस?" तिला वाटायचं, सुटले.

एका संध्याकाळी शेजारचा शिंपी त्याची विजार द्यायला आला आणि घोळ करून गेला. "वहिनी, काल तुमच्या हातचं खाल्लं बरं का दुकानात! काय ती चव, आणि काय ते बोलणं! भोंग्याची बायको शोभता."

शिंपी गेला. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तो खुर्चीत होता. त्याने पाटी ओढली, लिहिलं आणि तिच्याकडे वळवली: "काय विकतेस?"

"टूना. डब्यातला," ती म्हणाली. "सॉस करून दाखवते पास्त्याचा. तुम्हाला सांगणार होते."

मग त्याचे खांदे हलायला लागले. ती घाबरली, ठसका लागला म्हणून धावली, तर तो हसत होता. आवाज नाही, गळ्याच्या भोकातून नुसता वारा फुसफुसत होता, आणि डोळ्यांतून पाणी. दांडा सरकवून त्याने लिहिलं: "कर. बघू दे."

रविवारी तिने सगळं आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याची खुर्ची ओढली, गॅसच्या अगदी शेजारी. आधी ती पुटपुटत होती. त्याने टेबलावर बोटांची हाडं आपटली, मोठ्याने बोल म्हणून. मग ती खुलली. "या, या! पाहुणा दारात..." तो बघत होता, जसा बाजारात नव्या पोराचा पहिला लिलाव बघायचा, मान तिरकी करून. लसूण गुलाबी झाला तेव्हा त्याने टक्कन एकदा टेबलावर मारलं, टोमॅटो पडला तेव्हा दुसऱ्यांदा, आणि मासा घातल्यावर तिसऱ्यांदा मारून हात फेकला, सौदा झाला! ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. शेवटी तिने कढई उचलून त्याच्यासमोर धरली. तो वाफेवर वाकला, डोळे मिटले, आणि हात छातीवर ठेवला.

"वास बरा आहे ना?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली, पुन्हा डोलावली.

त्या दिवसापासून रविवारचा तो शिरस्ताच पडला. आठवडाभर ती रविवारची वाट बघायची. नवे विनोद जुळवायची, गिऱ्हाइकांच्या नकला करायची. तिला वाटायचं, नळीच्या पांढऱ्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला निदान एक दिवस तरी नाकाने जेवू घालतेय. खरं सांगायचं तर तो पास्ता तिला बघवत नसे. आठवडाभर तोच वास, तीच कढई. रविवारी परत ते गिळायचं म्हणजे घास तोंडात फिरायचा. त्याच्यासमोर ती दोन घास आवडीने खाल्ल्यासारखे खायची आणि उरलेलं शिंप्याकडे पोचवायची. पण तो वाफेवर वाकायचा ना, तेवढं तिला पुरे होतं.

तपासणीला डॉक्टर म्हणाले, वजन उतरतंय, पण चेहरा प्रसन्न आहे. घरात काही विशेष करता का? ती लाजून म्हणाली, "नाही, असंच."

मग तो रविवार आला. पास्त्याचं पाणी गॅसवर ठेवलं, आणि तिच्या लक्षात आलं की लिंबू नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते म्हणून ती खाली उतरली. तो गॅसशेजारी त्याच्या खुर्चीत शब्दकोडं सोडवत होता, रेडिओवर सामन्याचं समालोचन जोरात चालू होतं. परत येताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने गाठलं आणि गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. ती हो हो करत उभी राहिली. आणि बोलता बोलता म्हातारीच थांबली. "अगं, कसला वास येतोय?"

गॅस. जिन्यात उतरत होता. ती वर धावली. दार ढकललं तर आतून तो वास भिंतीसारखा अंगावर आला. पातेल्यातलं पाणी उतू जाऊन आच विझली होती आणि बर्नर तसाच सुरू होता. आणि त्याच्या हातभर अंतरावर तो, हातात पेन्सिल, मांडीवर कोडं. तिला बघून त्याने मान वर केली आणि हसला. लिंबू मिळालं का, अशी भुवई उडवली.

तिने कॉक फिरवला, खिडक्या उघडल्या, त्याला खुर्चीसकट ओढत बाहेरच्या खोलीत आणलं.

"अहो, एवढा गॅस! तुम्ही शेजारी बसलाय! वास आला नाही?"

त्याने चटकन हवेत नाक वर केलं, हुंगल्यासारखं केलं, अरे हो की, असा चेहरा केला. तो चेहरा तिने ओळखला. दर रविवारी वाफेवर वाकताना असाच असायचा, अगदी असाच.

"तुम्हाला वास येत नाही," ती म्हणाली. विचारलं नाही.

त्याने पाटी घेतली आणि बाजूला ठेवली. तिनेच ती त्याच्यापुढे सरकवली. "कधीपासून?"

"ऑपरेशनपासून. वारा नाकातून जातच नाही."

"डॉक्टर काही बोलले नव्हते?"

"बोलले होते. तू औषधाच्या रांगेत होतीस."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, लिंबाने काळ्या पडलेल्या. या हातांनी त्या मोरीत संध्याकाळी संध्याकाळी काय केलं होतं ते तिला आठवलं, आणि ती ते त्याला सांगू शकली नाही. एवढंच म्हणाली, "मग इतके रविवार तुम्ही कशाला बसत होता?"

त्याने लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी पाटी वळवली. "तुला बरं वाटायचं."

रेडिओवर कुणीतरी बाद झालं आणि लोक ओरडले. ती जमिनीवर बसून राहिली. तिला वाटत होतं, आपण त्याच्यासाठी करतो. त्याला वाटत होतं, आपण तिच्यासाठी बसतो. ते जेवण तिला नको होतं आणि त्याला मिळत नव्हतं. इतके दिवस त्या स्वयंपाकघरात जे शिजत होतं ते कुणासाठीच नव्हतं. हे कळल्यावर माणसाने एकमेकांच्या गळ्यात पडून रडावं, असं सांगायला बरं वाटतं. तसं झालं नाही. तिला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून समोर होता त्याचाच आला.

पुढच्या रविवारी त्याने टेबलावर हाडं आपटली. ती ओट्याशी पाठ करून भांडी पुसत होती. त्याने परत आपटली.

"कशाला?" ती वळून म्हणाली. "भिंतीसमोर करते मी त्यापेक्षा. भिंत निदान खोटी मान तरी डोलावत नाही."

मग त्याने हात टेबलावरून काढून मांडीत घेतला. त्या हाताने परत कधी टेबल वाजवलं नाही. दोन दिवसांनी तिचा राग उतरला, तिने साहित्य आणलं, कढई ठेवली, "या, या" म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचं काही येईना. डबा उघडला तो तसाच राहिला. त्याने लिहिलं, "राहू दे." ती म्हणाली, "बरं." असं दोघांच्या मधलं सगळं दोन शब्दांवर आलं.

दुकानातही तिचं बोलणं सुकलं. लसूण गुलाबी होतो म्हणताना ती थांबायची, पुढचा विनोद आठवायचा पण जिभेवर घ्यावासा वाटायचा नाही. साहेब म्हणाला, "मावशी, तब्येत बरी आहे ना? डबे हलेनात." ती म्हणाली, "बरी आहे."

थंडी सरता सरता तो नळी धरायला लागला. ती वरून पांढरं पाणी सोडायची आणि तो दोन बोटांत नळी चिमटून धरायचा, घट्ट. "सोडा ना," ती म्हणायची, "पोटात नको का काही?" तो मान हलवायचा. पाटी पुढे केली तर पाटी बाजूला ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, समजूत घाला. समजूत घालायला शब्द लागतात, आणि ते दोघांकडेही उरले नव्हते. एकदा तिने त्याचा हात धरून म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं. विसरा ना." त्याने तिच्या भेगाळलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला. पण संध्याकाळी नळी पुन्हा चिमटलीच. त्याला तिच्यावर राग नव्हता. त्याला आता नकोच होतं, काहीच.

शेवटी त्याच्या थोरल्या बहिणीला बोलावून घ्यावं लागलं, म्हणजे ही कामावर गेल्यावर कुणीतरी जवळ असेल. बहीण दिवसभर त्याच्याजवळ बसून लहानपणीच्या गोष्टी सांगायची. तो ऐकायचा की नाही कुणास ठाऊक.

तो गेला ते दुपारी. दुकानाचा नियम असा की मोबाइल कपाटात बंद करून यायचं. नणंदेने फोन केले, परत केले. कपाटात वाजत राहिले. इकडे ती ओट्याशी उभी होती. एका गृहस्थांनी चमचा चाटला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." तिने चाखून बघितलं, खरंच कमी होतं, वरून चिमूटभर घातलं. मग आणखी डबे उघडले. संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा कळलं.

ती घरी पोचली तेव्हा नणंदेने त्याच्या गळ्याला स्वच्छ फडकं बांधलं होतं, ते भोक दिसू नये म्हणून. "शांत गेला गं," नणंद म्हणाली. "आवाजसुद्धा नाही झाला."

बाजारातली माणसं आली. चिखलाच्या बुटांनी जिन्यापर्यंत उभी राहिली, आणि जो तो सांगत होता की भोंग्यासारखा आवाज परत होणे नाही. ती सगळ्यांना मान डोलावून दाखवत होती.

कामावर परतली तर ओट्याशी एक तरुण मुलगी उभी होती, हसरी, चुणचुणीत. साहेब म्हणाला, "मावशी, तुम्हाला त्रास नको म्हणून." तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत पाठवलं, धुण्याच्या पावडरीच्या फळीशी. तिथे पुड्या फक्त हातात द्यायच्या. बोलायचं काही नाही. तिने हरकत घेतली नाही.

नणंद म्हणाली होती, माझ्याकडे चल, दोघी राहू. ती नको म्हणाली, का ते तिलाही सांगता आलं नाही. आता रविवारी ती उशिरा उठते. चहा करते, कपडे भिजवते, खिडकीशी बसते. शिंपी दुसरीकडे राहायला गेला, खालची म्हातारी मुलाकडे गेली, त्यामुळे जिन्यातही कुणी भेटत नाही. संध्याकाळी नणंदेचा फोन येतो, न चुकता येतो. ती फोन कानाला लावते आणि बोलायला जाते, तर दिवसातला तो पहिला शब्द घशातून नीट निघतच नाही. दोनदा खाकरावं लागतं.

"काय गं, झोपली होतीस का?" पलीकडून नणंद विचारते.

"हो ताई," ती म्हणते. "जरा डोळा लागला होता."